दिलं? कुणाला?

हल्ली कुणी 'सोडून द्यायला शिका' असं म्हणालं की माझं डोकंच फिरतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला वाटायला नको की बाई एवढ्या कशाला चिडल्यात. चिडण्यासारखंच आहे. आणि हा राग मूळचा माझा नाही. तो मी शशीताईंकडून घेतला.

शशीताई म्हणजे डॉक्टर शशिकला कारखानीस. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकला आमची घरं पाठीला पाठ लावून. मधल्या लाकडी कुंपणाची एक फळी वादळात पडली, ती आम्ही दोघींनी मुद्दामच बसवून घेतली नाही, कारण वाटी-डबा द्यायला-घ्यायला तेवढी फट बरी पडायची. शशीताई हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. उंच, हाडापेराने मोठ्या, केस आखूड कापलेले, साडीवर कायम नवऱ्याचा जुना अनोरॅक, म्हणजे टोपीवालं पावसाळी जाकीट. आवाज मात्र मऊ. आपण रागावलो की आवाज चढतो, त्यांचा उतरायचा. त्या अगदी कुजबुजायला लागल्या की समजावं, आता कुणाची तरी धडगत नाही.

तर आमच्या मराठी मंडळाने शाळेचा हॉल घेऊन एक शिबिर ठेवलं होतं. 'रिकामं घर, मोकळं मन'. वक्ते एक तरुण गृहस्थ, पांढरा कुर्ता, कानाला लावलेला माइक. त्यांना साधकजी म्हणायचं, असं आधीच ईमेलमध्ये बजावलेलं. प्रत्येकाने आपल्याला सोडवत नाही अशी एक वस्तू घेऊन यायची. मंडळातल्या सरलाने नवऱ्याचा थर्मॉस आणला होता. तो पंचवीस वर्षं रात्रपाळीला नेत असे, तो. मी इडलीपात्र. कुणी बाळाचं दुपटं, कुणी तानपुऱ्याची गवसणी. बासरी लावली, दिवे मंद केले. साधकजी म्हणाले, "डोळे मिटा. ही वस्तू म्हणजे तुमचा अहंकार आहे. श्वास सोडा, आणि श्वासाबरोबर वस्तूही सोडा. अपरिग्रह!" कोपऱ्यात पुठ्ठ्याची खोकी मांडलेली. त्यात आपापल्या हाताने वस्तू टाकायची, आणि ती खोकी परस्पर चॅरिटी शॉपला, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानाला, जाणार. बायका मुळुमुळु रडत उठल्या आणि टाकून आल्या. सरलाही.

शशीताई मोकळ्या हाताने बसलेल्या. साधकजींनी विचारलं, "माताजी, आपण काही आणलं नाही?"

"माझ्याकडे माझं असं फारसं नाही. जे आहे ते दुसऱ्यांचं आहे."

"पाहिलंत?" साधकजी सगळ्यांकडे वळून म्हणाले. "याला म्हणतात वृत्ती!"

"वृत्ती राहू द्या," शशीताई म्हणाल्या. आवाज उतरायला लागला होता. मी माझं इडलीपात्र घट्ट धरलं. "बाळ, मी जन्मभर माणसांना हेच सांगत आले. आता सोडून द्या, काही धरून ठेवू नका. ती बिचारी सोडायची. मग मी काय करायची, माहितेय? त्यांचा जबडा माझ्या हातात धरून बसायची. श्वास नीट चाललाय ना, बघत. ती शुद्धीवर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. सोड म्हणणाऱ्याने धरायचं असतं. तुम्ही हिचा थर्मॉस सोडवलात. तो आता कोण धरणार?"

"तो योग्य माणसाकडे पोचेल, माताजी. विश्व पोचवतं."

"विश्वाकडे व्हॅन आहे का?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. साधकजी हसले नाहीत. शशीताई उठल्या, खोक्यापाशी गेल्या, वाकून थर्मॉस काढला आणि सरलाच्या मांडीवर ठेवला. "अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा जास्त घ्यायचं नाही. आधी दोन्ही हातांनी घ्यायचं, आणि मग कंटाळा आला की दुसऱ्याच्या दारात नेऊन ओतायचं, हे कसलं वैराग्य? हे नुसतं झाडून केर पलीकडे लोटणं झालं." आणि अनोरॅकची चेन लावून त्या चालायला लागल्या. मी मागोमाग. इडलीपात्र काखेत.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना संसाराचा लोभ असेल. अहो, कसला लोभ! त्यांच्या स्वयंपाकघरात चार ताटं, चार वाट्या. कपाटात मोजक्या साड्या. एवढ्या मोठ्या हुद्द्यावर राहून निवृत्त झालेली बाई, पण घरात शिरलं की वाटावं, कालच राहायला आलीय. नवरा गेला तेव्हा मुलगा म्हणाला, बाबांचे कपडे पिशव्यांत भरून देऊन टाकू. यांनी पिशव्याच आणू दिल्या नाहीत. ओव्हरकोटासाठी त्यांच्याच उंचीचा माणूस शोधला, तो सापडला बस डेपोत. बुटांना माणूस मिळायला वर्ष गेलं. बुद्धिबळाचा पट समोरच्या पोलिश आजोबांकडे, तोही दोन-तीन डाव हरून मग. मी एकदा सहज म्हटलं, "शशीताई, जुना मिक्सर दिला बाई एकदाचा." 

"दिलास? कुणाला?" 

"चॅरिटीला." 

"चॅरिटीला म्हणजे कुणाला? तिला चटणी आवडते का?" 

हे त्यांचं नेहमीचंच. दिलं? कुणाला? नाव सांगता आलं तर दिलं. नाही सांगता आलं तर टाकलं.

आणि अशा या मोकळ्या घरात पुढची खोली मात्र भरलेली होती. देवांनी. तेही दुसऱ्यांच्या.

हे कसं झालं, सांगते. आमच्या पिढीच्या बायका इकडे आल्या त्या माहेरची अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण हँडबॅगेत घालून. कुणाकडे कुलदैवताचे टाक, कुणाकडे शंख, घंटा. आता त्या बायका एकेक करून चालल्यात. मुलं इकडेच जन्मलेली. घर विकायचं ठरतं, सोफा कुठे जायचा ते ठरतं, टीव्हीचंही ठरतं, आणि देवघरापाशी येऊन सगळे थांबतात. एका बाईंचा मुलगा बुटाच्या खोक्यात देव घेऊन शशीताईंच्या दारात आला. "आँटी, तुमच्याकडे ठेवता?" यांनी ठेवले. ही बातमी कशी पसरली कोण जाणे. मग रेडिंगहून बिस्किटांचा डबा आला, वेम्बलीहून टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं आलं. पुढच्या खोलीत फळ्या लागल्या. प्रत्येक घरच्या देवांसमोर, ते कुणाचे, त्या बाईंचं नाव.

शशीताई देवभोळ्या मुळीच नव्हत्या. उपास नाही, स्तोत्र नाही. रेडिओवर क्रिकेट लावून देव पुसायच्या. मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "मला हे पेशंटसारखे वाटतात गं. घरचं माणूस येईपर्यंत कुणीतरी शेजारी बसायला हवं."

त्या शिबिरानंतर दोन-तीन आठवड्यांनी आम्ही दोघी गावात गेलो होतो. पाऊस आला म्हणून एका चॅरिटी शॉपमध्ये शिरलो. काउंटरजवळ वेताची टोपली, तिच्यात दाराच्या मुठी, अडकित्ता, आणि त्यांच्यात उताणी पडलेली अन्नपूर्णा. पाठीवर किमतीचं लेबल. खाली बाळकृष्ण. त्याच्या खाली ताम्हन. शशीताईंनी ताम्हनावरचं लेबल नखाने खरवडलं, तर आत कोरलेलं, 'चि. सौ. कां. प्रमिला हिस'. अहो, आमची प्रमिला! गेल्या संक्रांतीला माझ्या घरी हळदीकुंकवाला आली होती. उन्हाळ्यात गेली.

दुकानातली बाई भली होती हो, तिचा काय दोष! म्हणाली, "गोड आहेत ना? पळीवाली बाई पेपरवेट म्हणून छान दिसेल. सेट आहे का हा?"

शशीताई तिला इंग्रजीत म्हणाल्या, "सेट नाही. हे एका बाईचं माहेर आहे." एवढ्या हळू म्हणाल्या की ती बाई पुढे वाकली, आणि मग तिने ते सगळं टिश्यूपेपरमध्ये गुंडाळून दिलं.

बसमध्ये मीच तणतणत होते. काय ही हल्लीची मुलं, लाज नाही, शरम नाही. शशीताई मांडीवर गुंडाळी धरून बसलेल्या. घरी आल्या आणि सरळ प्रमिलाच्या नातीला फोन लावला. ईशा तिचं नाव. इथेच बिझनेस पार्कात एका कंपनीत कामाला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आलं. मला वाटलं, आता या पोरीची खैर नाही.

"शशीआजी, सॉरी, मला माहीत नव्हती कोणाला विचारायचं," ती पोर म्हणाली. "आजीचा फ्लॅट क्लिअर करायची होती. मम्मी म्हणाली, देव ठेवलं तर रोज पूजा करायलाच पाहिजे. नाही केला तर घराला वाईट होतं. मी चिकन खाते, माझी फ्लॅटमेट डॉग ठेवते. मी कसं ठेवू? मम्मीने पण घेतलं नाही, ती पण घाबरली. ती म्हणाली, वॉटरमध्ये सोड. मी कॅनॉलला गेली होती, रिअली. पण तिथे ट्रॉली पडली होती, बिअरचे कॅन होते. मला आजीला तिकडे टाकायला नाही झाला."

"मग?"

"मग तो साधकजीचा व्हिडिओ बघितला. भीती सोडा म्हणाला. मी सोडली." आणि ती रडायला लागली.

शशीताई तिला एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "पोरीने देव टाकले नाहीत, मंगल. आपण तिला पळवून लावलं. शिवू नको, हात धुतलेस का, चार दिवस लांब बस, तुला येणार नाही, चुकलीस तर बघ. जन्मभर देवाच्या फळीला बोट लावू दिलं नाही, आणि मेल्यावर म्हणायचं, घे, सांभाळ. आणि वर तो माइकवाला! भ्यायलेल्या माणसाला म्हणे भीती सोड. हात नको का धरायला कुणी?" शेवटचं वाक्य तर नुसतं ओठांवरूनच कळलं.

बरं, इतकं होतंय तोवर शशीताई स्वतःच न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण छातीचे ठोके चुकत होते, ते तेव्हा उघडकीला आलं. मुलगा आशुतोष एडिनबराला असतो, तोही हॉस्पिटलातच कामाला. तो धावत आला आणि त्याने ठरवून टाकलं. आईने आता एकटीने राहायचं नाही. एडिनबराला यायचं. तिथे तिला एक खोली. इथलं घर विकायचं. शुक्रवारी स्किप येईल, म्हणजे ती रस्त्यावर ठेवतात ना पिवळी, लोखंडी, हत्तीएवढी कचरापेटी, ती. आणि शनिवारी निघायचं.

"आई, एका खोलीत मावेल तेवढंच घे. बाकीचं आता सोड गं."

"तूही शिबिराला गेला होतास का रे?"

"चेष्टा नको. देवांचं काहीतरी करू. मंदिरात देऊ."

"मंदिरात विचारलं मी. त्यांच्याकडे आधीच आलेली अशी खोकी ठेवायलाच त्यांना जागा नाही."

मंडळाचे अध्यक्ष बर्वे यांना कळलं. ते फळांची परडी घेऊन आले आणि सोफ्यावर बसून म्हणाले, "डॉक्टर, एक बोट भाड्याने घेऊ. सगळ्यांचं एकत्र, सामुदायिक विसर्जन करू. फोटोग्राफर सांगू. नव्या पिढीलाही संस्कृती कळेल."

"नव्या पिढीला हेच कळेल, बर्वे, की अडचण झाली की म्हाताऱ्यांना पाण्यात सोडायचं असतं, फोटो काढून. पुढचे नंबर आपले आहेत, लक्षात ठेवा."

बर्वे म्हणाले, "पण मग विधीशिवाय देव असे कुणालाही देणार? ज्यांना मंत्र येत नाहीत, जे काहीही खातात?"

"देव त्यांच्या आजीचे आहेत. तुमच्या मंत्राचे नाहीत. चहा घेणार का?" बर्व्यांनी चहा घेतला नाही.

मग ती बाई फोनला बसली. छातीला ते ठोके मोजायचं यंत्र चिकटवलेलं, आणि हिचं आपलं सुरू. ज्या ज्या घरचे देव, त्या त्या घरच्या मुलाबाळांना. काहींनी फोन उचलला नाही, काहींनी उचलून कारणं दिली. यांनी पुन्हा लावला. आठवडाभर त्या घरात माणसांची ये-जा. स्वयंपाकघरात सिंकपाशी चिंचेच्या कोळाचं पातेलं आणि मीठ. जो येईल त्याने बाह्या वर करून आपल्या आजीचे देव स्वतः घासायचे, मगच न्यायचे. मोठमोठे बँकवाले, वकील झालेली पोरं, कोपरापर्यंत चिंच. शशीताई स्टुलावर बसून हुकूम सोडायच्या. "कानाच्या मागे घास. बाळकृष्ण आहे तो, त्याचा मळ काढ." 

नियम एवढेच. रोज पूजा नको. खिडकीत ठेवा, धूळ बसली की पुसा, पुसताना आजीचं नाव घ्या. जमेल तेव्हा साखर ठेवा. चिकन खाऊन हात धुता ना? मग झालं. आणि कधी नकोसेच झाले, तर ते कुणाला द्यायचे तो माणूस स्वतः शोधायचा. शशीताईंची स्वतःची अन्नपूर्णा तर आधीच सून कॅट्रिओना घेऊन गेली होती. तिने ती टोस्टरशेजारी ठेवलीय, असं आशुतोष ओशाळून सांगत होता. "मग बरोबर आहे," शशीताई म्हणाल्या. "स्वयंपाकघरातच हवी ती."

गुरुवारपर्यंत फळ्या मोकळ्या झाल्या. राहिले फक्त प्रमिलाचे देव. ईशाला दोनदा फोन झाला होता. दोनदा ती 'येते' म्हणाली आणि आली नाही. आशुतोष म्हणाला, "आई, एवढेच तर आहेत, आपण घेऊन जाऊ." 

"नाही. मी नेले तर तिला जन्मभर वाटेल, टाकलेच आपण. उद्या स्किप येणार म्हणून नव्हे रे. आज नाही आली तर ती पोर कायमची दाराबाहेर राहील." त्या खिडकीशी बसून राहिल्या. यंत्राचा दिवा लुकलुकत होता. मी वरण-भात आणून ठेवला, त्याला हात लावला नाही.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ईशा आली. गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. दारातच उभी. आत येईना.

"मी चूक केली तर, आजी?"

"कर."

"म्हणजे?"

"म्हणजे कर चूक. देव आहे, गिऱ्हाईक नाही. तक्रार नाही करत."

पोर हसली, मग एकदम हुंदका आला. शशीताईंनी तिचा हात धरला, सिंकपाशी नेली, आणि तळहातावर चिंच ठेवली. ती हळूहळू घासायला लागली. काळं पाणी वाहायला लागलं, ताम्हन पिवळं व्हायला लागलं. मधेच तिने हात नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली. "हा आजीचा स्मेल आहे," ती म्हणाली. "दिवाळीला तिची हात असाच असायचा." तिचं मराठी दुरुस्त करायची मला भारी खोड, पण तेव्हा मी ती आवरली. जाताना तिने देव पिशवीत घातले नाहीत. कोटाच्या आतल्या खिशात अन्नपूर्णा, बाहेरच्या खिशात बाळकृष्ण आणि ताम्हन हातात, अशी गेली बसस्टॉपवर. शशीताईंनी मग थंड वरण-भात सगळा खाल्ला.

शुक्रवारी स्किप आली. तिच्यात टाकायला त्या घरात काही नव्हतं. आशुतोषने एक फुटकी कुंडी आणि न्हाणीघरातलं पायपुसणं टाकलं, उगीच आपलं, भाड्याने आणलीय म्हणून.

त्या एडिनबराला गेल्या आणि ती थंडी काढून तिथेच वारल्या. मला फोनवर कळलं. साधकजींची शिबिरं चालूच आहेत. आता ऑनलाइन असतात, आमचं मंडळ त्यांची लिंक पाठवतं, आणि मी ती रागारागाने पुसून टाकते. पण शशीताई मला शेवटच्या दिसल्या त्या शनिवारी सकाळी, ते सांगते आणि थांबते.

मी डब्यात दशम्या घेऊन पुढच्या बाजूने गेले. बघते तर स्किप काठोकाठ भरलेली. या देशात तुमच्या दारात स्किप आली की अख्खी गल्ली आपापली अडगळ त्यात गुपचूप आणून टाकते, हे आम्ही विसरलोच होतो. दिवा, गालिचा, सायकलचं हँडल, काय नव्हतं! आणि बागेतल्या खुर्चीवर उभ्या राहून शशीताई कमरेपर्यंत आत वाकलेल्या. मुलगा मागून अनोरॅक धरून उभा. "आई, उतर! अगं, हार्ट पेशंट आहेस तू! अख्खा देश ओलांडून जायचंय आपल्याला!"

त्यांनी आतून एक बाबागाडी ओढून काढली. निळी, धड. एक चाक तेवढं फिरत नव्हतं. पायरीवर बसून, पदराची पिन काढून त्यांनी चाकात गुंतलेला दोरा आणि केसांचा गुंता उकरून काढला. चाक गरगर फिरलं. ते फिरताना बघून त्यांचा चेहरा रागाने असा लाल झाला म्हणून सांगू!

"धडधाकट गाडी," त्या कुजबुजल्या. "कुणाची आहे, विचारून येते."

"आई, प्लीज. गाडीत बस."

त्या उठल्याच. रिकामी बाबागाडी ढकलत पहिल्या दाराशी गेल्या, बेल वाजवली. मग दुसऱ्या. आशुतोषने हताश होऊन मोटार सुरू केली, काच खाली केली, आणि पायी चालण्याच्या वेगाने आईच्या मागोमाग निघाला. कोपऱ्यावरून दिसेनाशा होईपर्यंत मी बघत होते. पुढे त्या, आणि मागे ती मोटार, सूटकेस घेऊन, दर दाराशी थांबत.